बाटलीत हलवून बघा, मगच वाळू टाका

वाचकांचे प्रश्न : कोंबडीपालन

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्याकडे अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. खुराड्यापुढे जाळी मारून त्यांना १२ बाय १६ फुटांची फिरायची जागा करून दिली आहे. अर्ध्या भागावर पत्रा आहे, अर्धा भाग उघडा. खालची माती चिकट. पाऊस झाला की आठ-आठ दिवस चिखल, पायांना मातीचे गोळे, बरबटलेली अंडी, आणि वास तर विचारूच नका. म्हणून वाळू टाकायचं ठरवलं आहे. घराच्या गिलाव्यातून उरलेली बारीक वाळू पडून आहे. शिवाय दगड फोडून केलेली क्रश सँड, नदीची भरड वाळू आणि समुद्रकाठची वाळू असे तीन पर्याय लोकांनी सुचवले. घरचे म्हणतात, वाळू ती वाळू, पडून आहे तीच टाक. कोणती टाकू? थर किती जाड हवा? आणि कोंबड्या ती खात तर बसणार नाहीत ना?

उत्तर : गिलाव्याची वाळू टाकू नका. हे आधी सांगते, कारण तुमचं पत्र वाचताना मला माझंच एकोणीस वर्षांपूर्वीचं अंगण दिसलं. माझ्याकडे तेव्हा सात कोंबड्या होत्या आणि बांधकामातून उरलेल्या अशाच वाळूचा ढीग कोपऱ्यात होता. बोटांत चोळली तर पिठासारखी मऊ. मी ती चाळून, दगड वेचून, प्रेमानं पसरली. पहिले आठ दिवस अंगण इतकं सुंदर दिसत होतं की मी संध्याकाळी नुसती बघत उभी राहायची. कोंबड्या त्यात लोळायच्या, अंगावर उडवून घ्यायच्या.

मग पाऊस आला. पाणी दोन दिवस हललं नाही. वर ऊन पडल्यावर पापुद्रा धरला, म्हणून मला वाटलं वाळली. फावडं घातलं तर दोन इंचांखाली काळपट-हिरवा थर आणि कुजक्या अंड्यासारखा वास. कोंबड्यांच्या नखांभोवती वाळू आणि विष्ठा मिळून सुपारीएवढे घट्ट गोळे झाले होते. एकेकीला मांडीवर घेऊन, कोमट पाण्यात पाय भिजवून ते सोडवावे लागले. एका तांबड्या तलंगेचं, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबडीचं, नख गोळ्याबरोबरच निघून आलं. तिची ती धडपड मी अजून विसरलेले नाही. सगळी वाळू घमेल्यानं बाहेर काढायला दोन दिवस लागले.

असं का झालं, हे समजून घेतलंत तर बाकीचे निर्णय तुम्ही स्वतःच घेऊ शकाल. वाळूचे कण जितके बारीक, तितक्या त्यांच्यामधल्या फटी अरुंद, आणि अरुंद फटीत पाणी अडकून राहतं. दिव्याची वात तेल ओढते तसं ते खालून वरही चढतं. भरड वाळूत पाणी जेमतेम बोटभर चढतं, बारीक वाळूत वीतभर किंवा त्याहून जास्त, आणि गाळात तर हातभर वर येतं. तुमची जमीन चिकट आहे, म्हणजे ती ओल धरून ठेवणारच. तिच्यावर बारीक वाळू टाकलीत तर खालची ओल वाळूतून सतत वर येत राहील. वर पत्रा असला तरीही.

ओल एवढी वाईट का? कोंबडीच्या विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो, ते यूरिक आम्ल. ते कोरडं राहिलं तर फारसा वास येत नाही. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, आणि तोच नाका-डोळ्यांना झोंबतो. आपण उभे असतो, आपलं नाक पाच फुटांवर. कोंबडीचं नाक जमिनीपासून फूटभर. म्हणून मी सगळ्यांना सांगते, वास घ्यायचा असेल तर अंगणात उकिडवं बसून घ्या. तिथे डोळे चुरचुरले तर कोंबड्या तेच दिवसभर सोसत आहेत. रक्ती हगवणीच्या, म्हणजे कॉक्सिडिओसिसच्या जंतूंनाही विष्ठेतून बाहेर पडल्यावर पुढच्या कोंबडीला लागण करण्याजोगं व्हायला ओल आणि ऊब लागते. ती मिळाली तर एक-दोन दिवसांत ते तयार होतात. कोरड्या जागेत त्यांचं फारसं चालत नाही.

बारीक वाळूचा दुसरा त्रास उन्हाळ्यात. कोंबड्या दिवसभर उकरणार, आणि ती धूळ हवेत उडणार. पाण्याच्या भांड्यावर साय धरावी तसा धुळीचा थर दिसायला लागला की समजायचं, तीच धूळ त्यांच्या छातीतही जात आहे. कोंबडीला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. फुप्फुसांना जोडलेल्या नऊ हवेच्या पिशव्या असतात आणि श्वास त्या सगळ्यांतून फिरतो, त्यामुळे धुळीचा त्रास तिला फार. आणि तुम्हालाही. बहुतेक वाळूत क्वार्ट्झ, म्हणजे स्फटिकरूप सिलिका असते. कामाच्या जागी श्वासातून जाणाऱ्या तिच्या बारीक धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हे घाबरवायला सांगत नाही. पाखडण्याइतकी कोरडी वाळू हाताळताना नाकावर मास्क बांधा आणि आधी पाण्याचा हलका शिडकावा करा, एवढ्यासाठी सांगते. आणि धुतलेली वाळू घ्या, हे तर आलंच.

आता वाळू ओळखायची कशी? नावावर जाऊ नका. ‘नदीची’ म्हणून दिलेल्या वाळूत मी मूठ-मूठ गाळ पाहिला आहे. ढिगाच्या वरची वाळू पावसानं धुतलेली असते, म्हणून नमुना हात खोल घालून मधून घ्या. एका उभ्या, पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश वाळू आणि वर जवळजवळ तोंडापर्यंत पाणी भरा. झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा आणि बाटली न हलणाऱ्या जागी ठेवा. खरी वाळू मिनिटभरात तळाला बसते. तिच्यावर नंतर, तासातासानं, जो मऊ थर बसतो तो गाळ. चिकणमाती तर दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. रात्रभर ठेवून सकाळी बघा. वाळूचा थर चार बोटं आणि त्यावरचा गाळ नखाच्या जाडीचा असेल तर वाळू चालेल. गाळ अर्धा बोट दिसला तर ती वाळू धुवा, नाहीतर परत पाठवा. मी परत पाठवते.

बाटली नसेल तर मूठ आहेच. वाळू जरा ओली करून मुठीत आवळा आणि मूठ उघडा. लाडवासारखी जमून राहिली तर नको. लगेच विस्कटली, आणि तळहात झटकल्यावर त्यावर मातीचा डाग राहिला नाही, तर हवी. दाण्याचा आकार बघायला पीठ चाळायची चाळणी घ्या. कोरड्या वाळूतली निम्म्याहून जास्त खाली गळाली तर ती आपल्या कामाची नाही. मला आवडते ती वाळू अशी: बहुतेक दाणे रव्यापासून मोहरीएवढे, मधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढे खडे, आणि कडा गोलसर.

म्हणून तुमच्या पर्यायांत नदीची भरड, धुतलेली वाळू. वाहत्या पाण्यात घासून तिच्या कडा बोथट झालेल्या असतात, पाणी तिच्यातून लगेच उतरतं, आणि वर पडलेली विष्ठा दाताळ्यानं अलगद उचलता येते.

क्रश सँडचं थोडं सविस्तर सांगते, कारण बऱ्याच ठिकाणी आता तीच मिळते. ती दगड फोडून केलेली, त्यामुळे कण टोकदार असतात आणि एकमेकांत अडकून बसतात. काँक्रीटसाठी तो गुण, आपल्यासाठी दोष. पाऊस-उन्हाचे दोन-चार फेरे झाले की ती रस्त्यासारखी घट्ट होते, कोंबड्यांना उकरता येत नाही. तिच्यात दगडाची पूडही भरपूर असते. धुऊन पूड काढलेली क्रश सँड मिळाली तर तिचा विचार करता येईल, पण आधी बाटली आणि मग तळहात. तळहातावर दाबून फिरवा, टोचली तर तळव्यालाही टोचणार. कोंबडीच्या तळव्याला बारीक जखम झाली आणि तिच्यात जंतू गेले की आतून गाठ धरते, वर काळी खपली येते आणि ती लंगडायला लागते. हे दुखणं बरं करायला महिने जातात, आणि कोंबडी ते मुकाट्यानं सहन करते, म्हणून उशिरा कळतं.

समुद्रकाठची वाळू साफ नको. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं, आणि टिपता-टिपता मीठ पोटात गेलं की कोंबड्या जास्त पाणी पितात, विष्ठा पातळ होते, म्हणजे पुन्हा ओलच. कुणी ‘धुतलेली आहे’ म्हणालं तर मूठभर वाळू वाटीत पाण्यात भिजवा, ते पाणी गाळून ताटलीत उन्हात ठेवा. आटल्यावर पांढरी किनार उरली तर समजा. शंखशिंपल्यांचे तुकडे असलेली वाळू व्हिनेगरच्या थेंबानं फसफसते. अंड्यावरच्या कोंबडीला कॅल्शियम हवंच असतं, पण वाढत्या तलंगांना त्याचा अतिरेक मूत्रपिंडांना घातक ठरतो. आणि कुठल्याही बांधकामावरची वापरून उरलेली वाळू असेल तर तिच्यात सिमेंट, चुना, खिळे, तारेचे तुकडे असतात. चकाकणारं काही दिसलं की कोंबडी ते गिळणार, हे धरूनच चाला.

आता जमीन. हे वाळूपेक्षा महत्त्वाचं आहे आणि सगळे हेच टाळतात. चिकट मातीत खड्डा करून त्यात वाळू भरली तर तुम्ही हौद बांधला. पाणी वाळूतून भराभर खाली जाईल आणि मातीवर साचून राहील. म्हणून जमीन खणू नका, उलट उंच करा. आधी सगळी घाण आणि सैल चिखल काढा. मग १६ फुटांच्या लांबीत साधारण ४ इंच उतार द्या आणि उताराच्या टोकाला जाळीबाहेर पाण्याला वाट करून द्या, चर खणलात तरी पुरे. त्यावर तीन-चार इंच खडी, खडीवर पाणी झिरपू देणारं जिओटेक्स्टाइल कापड, आणि कापडावर वाळू. कापडाच्या जागी प्लास्टिक अंथरू नका, पाणी तिथेच अडेल. तारजाळीही नको. कोंबड्या उकरत खाली पोचतात आणि नखं अडकतात. कडेनं फळ्या किंवा विटांची ओळ लावा, नाहीतर वर्षभरात अर्धी वाळू जाळीबाहेर गेलेली असेल.

पत्र्याचं पाणी कुठे पडतं तेही बघा. तुमचा पत्रा अर्ध्यावरच आहे. त्याची पागोळी अंगणाच्या मध्यावर पडत असेल तर वर केलेलं सगळं वाया. पन्हळ लावून ते पाणी बाहेर काढा. जमलं तर उरलेल्या भागावरही आच्छादन करा. वाळू पावसात भिजली तरी वाळते, पण रोज भिजून रोज वाळणं तिला जमत नाही. शिवाय उघड्यावरची कोरडी वाळू भर उन्हात चटका बसेल इतकी तापते. सावली हवीच.

थर ५ इंच धरा. त्याहून पातळ असला तर कोंबड्या पहिल्याच आठवड्यात खालच्या कापडापर्यंत पोचतील. तुमच्या जागेचा हिशेब: १२ गुणिले १६ म्हणजे १९२ चौरस फूट, त्यावर ५ इंच म्हणजे ८० घनफूट. कोरडी वाळू घनफुटाला सुमारे ४५ किलो भरते, तेव्हा हे ३६०० किलो झाले. हा आकडा मुद्दाम देते. घरात दोनच माणसं असतील तर एवढी वाळू एका दिवसात पसरायला जाऊ नका, कंबर धरेल.

आणि वाळू टाकली की काम संपलं नाही. अंड्यावरची एक कोंबडी दिवसाला १०० ते १५० ग्रॅम ओली विष्ठा टाकते. तुमच्या बारा पक्ष्यांची मिळून सव्वा ते पावणेदोन किलो, रोज. भुसा किंवा पालापाचोळा असेल तर तो निदान कुजून खत होतो. वाळू निर्जीव आहे, ती काहीच पचवत नाही. तिच्यावर पडलं ते तुम्हीच उचलायचं. मी सकाळी, विष्ठा वरून सुकली की, बारीक दातांचं दाताळं फिरवते आणि जमलेलं भोकांच्या सुपलीनं चाळते. वाळू खाली, विष्ठा वर. माझ्या अंगणाला वीस मिनिटं लागतात. हे रोज जमणार नसेल तर खरं सांगते, वाळू टाकू नका. लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर तुमच्यासाठी बरा, त्याला दोन-चार दिवसांचं दुर्लक्ष चालतं. वाळूला चालत नाही.

एक राहिलं. संपूर्ण अंगण वाळूचं करू नका. एका कोपऱ्यात, पत्र्याखाली, पालापाचोळ्याचा ढीग द्या. कोंबडीला किडे शोधायचे असतात, आणि स्वच्छ वाळूत शोधण्यासारखं काही नसतं. खाण्याबद्दलचं खालच्या पत्रात आलं आहे, तेही वाचा.

प्रश्न : वाळू टाकून दोन महिने झाले. सगळं छान चाललं होतं, पण एक कोंबडी सारखी वाळू टिपताना दिसते. काल तिच्या छातीवरची पिशवी हाताला दगडासारखी लागली. ती खाते कमी आणि मान ताणते. वाळूमुळेच झालं का? उलटी धरून पिशवी दाबावी, असं एकानं सांगितलं.

उत्तर : दादा, उलटी धरू नका. तोंडात आलेलं पाणी श्वासनलिकेत गेलं तर ती तुमच्या हातातच जाईल. आज रात्री तिला एकटीला ठेवा, दाणा काढून घ्या, पाणी राहू द्या. कोंबडीची अन्नपिशवी रात्रीतून रिकामी होते. सकाळी काही खाण्याआधी हात लावून बघा. सपाट झाली असेल तर सुटकेचा श्वास घ्या. अजून घट्टच असेल तर पशुवैद्याकडे न्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

वाळूच कारण आहे असं मी लगेच म्हणणार नाही. कोंबडीला दात नाहीत, दाणा दळण्यासाठी ती खडे गिळतेच, आणि ते पोट्यात, म्हणजे अन्नपिशवीच्या पुढे असलेल्या दळणाऱ्या जठरात, साठवते. पण त्याला दोन ते चार मिलिमीटरचे कठीण खडे लागतात. ते मिळाले नाहीत तर ती हाताशी असलेली वाळू गिळत सुटते, आणि बारीक वाळू पोट्यात न थांबता पुढे निघून जाते, म्हणून ती पुन्हा गिळते. एका भांड्यात खडे वेगळे ठेवा. दुसरं, दाणा जमिनीवर टाकत असाल तर आजपासून बंद. ओलं खाद्य वाळूवर सांडलं की प्रत्येक घासाला वाळू चिकटते. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा.

माझी एक कोंबडी अशी गेली. डॉक्टरांनी उघडून दाखवलं तेव्हा पिशवीत वाळू होती, पण वाळूला धरून ठेवणारी गुंतवळ होती लांब, चिवट गवताची. गवत मीच आदल्या आठवड्यात कापून तसंच आत टाकलं होतं. तेव्हापासून हिरवा चारा दोन बोटांएवढा चिरल्याशिवाय मी आत जाऊ देत नाही. तुम्ही काय टाकता तेही आठवून बघा.

प्रश्न : पिल्लांना पहिल्या दिवसापासून वाळूवर ठेवलं तर चालेल का?

उत्तर : चालवू नका. पहिल्या आठवड्यात पिल्लाला दाणा कोणता आणि दाण्यासारखं दिसणारं काय, हे कळत नाही, ते सगळंच टिपतं. तोवर खरखरीत कागद किंवा कापड अंथरा. गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात. दाणा ओळखू लागली की वाळू टाकायला हरकत नाही. वाळूवर वाढ खुंटते हा समज मात्र काढून टाका. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात १९९० च्या दशकात ब्रॉयलर वाळूवर वाढवून पाहिले, तेव्हा ते लाकडाच्या भुशावरच्या पक्ष्यांच्या तोडीस तोड वाढले.

फक्त एक काळजी घ्या. वाळूचा थर तळापर्यंत ऊबदार व्हायला वेळ लागतो. पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच दिवा लावून ठेवा, आणि ती आणण्याआधी स्वतःचा हात वाळूत मनगटापर्यंत खुपसून बघा. खाली गार लागली तर अजून थांबा.